बुडबुडे येईपर्यंत

विगाती शाळेला निघाली की अर्ध्या वाटेवरून एकदा तरी परत फिरते. चूल विझवली का, खुराड्याला खुंटी लावली का, नळ नीट बंद केला का. माझी टपरी शाळेच्या फाटकासमोरच आहे, त्यामुळे तिची ही येरझार मला रोज दिसते. मी तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, पातळ काप हळदीच्या पिठात बुडवून कढईत सोडत असते आणि ही धुक्यातून उगवते, जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली.

"यू, मी मघाशी कुलूप लावलं होतं का गं?"

"लावलंस. लावून ओढून बघितलंस. मग कुलपाची माफी मागितलीस."

ती हसते, पण परत जातेच. मला ती 'यू' म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. सख्खं नातं काही नाही. तिचा बाप बटाट्याची पोती वाहायचा आणि माझ्या आईच्या टपरीवर पाठ टेकायचा, एवढंच. पोरगी खाली शहरात जाऊन मास्तरकी शिकली आणि शिकून पुन्हा आमच्या या थंड माळावर आली. शिकलेलं माणूस इथून खाली जातं, वर येत नाही. तिची नोकरीही कायमची नाही. दरसाल हेडमास्तर, पाक दारसोनो, एका कागदावर सही करतात तेव्हा हिला पुढचं वर्ष मिळतं.

तिसरीच्या पोरांची ती 'बू गुरू', म्हणजे बाई. त्यांना ती पदार्थ शिकवायची. घन, द्रव, वायू. माझ्या टपरीला पुढं भिंत नाही आणि तिच्या वर्गाच्या खिडकीला काच नाही, म्हणून तिसरीचं सगळं विज्ञान माझंही झालेलं आहे. पुस्तकातली चित्रं तिला पुरेशी वाटायची नाहीत. ज्या वस्तूला पोराचा हात लागला नाही ती पोराच्या डोक्यात कशी जाणार, असं तिचं म्हणणं. म्हणून दर आठवड्याला घरातली एखादी वस्तू शाळेत यायची आणि शाळेतला एखादा प्रश्न घरी जायचा. "आईला विचारा, आजीला विचारा, स्वतः करून बघा," हे तिचं शेवटचं वाक्य. घंटेबरोबर ते ठरलेलंच.

त्यानं भानगडीही व्हायच्या. वाफ कुठं जाते बघायला एका पोरानं भात करपवला. एकीनं घरातली सगळी साखर पाण्यात विरघळवली आणि परत मिळवायला पातेलं उन्हात ठेवलं. आमच्याकडे ऊन असतं कुठं? आठवडाभर मुंग्यांची जत्रा. मग ते खोबरेलाचं प्रकरण. इथल्या थंडीत बाटलीतलं खोबरेल रात्रीच थिजतं, दिवस चढेपर्यंत काडीनं टोकरून काढावं लागतं. सहामाहीचा पेपर खालून छापून आला. 'खोबरेल तेल कोणत्या प्रकारात मोडते?' अख्ख्या तिसरीनं ठोकून दिलं, घन. सगळे नापास.

पाक दारसोनो माझ्याच बाकड्यावर बसून तिला म्हणाले, "बू विगाती, पोरांना सकाळचं तेल शिकवू नका, दुपारचं शिकवा. पेपर दुपारी तपासतात."

तेव्हा आम्ही सगळे हसलो. पण जाता जाता ते हळूच म्हणाले, "घरून आणखी एक तक्रार आली, तर पुढच्या वर्षाचं मला काही सांगता यायचं नाही."

त्या दिवसापासून विगाती दोनदोनदा परत फिरायला लागली.

हवेचा पाठ होता त्या दिवशी तिनं काळजी म्हणून काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. काचेचे पेले बाजूला ठेवून प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या. फुगे आणले होते, ते गिळतील म्हणून परत पिशवीत टाकले. बादली खोल असते म्हणून उथळ परात घेतली. त्यातही पाणी चार बोटंच. सांडलं तर पाय घसरेल म्हणून खाली पोती अंथरली.

"अगं, हवा शिकवतेस की सुरुंग लावतेस?" मी म्हटलं.

"यू, हसू नकोस. रात्रभर झोप नाही मला."

पाठ मात्र झकास रंगला. रिकामी बाटली तिनं सगळ्यांना दाखवली. आत काय आहे? पोरं ओरडली, "काही नाही!" मग तिनं बाटली उलटी करून तोंड सरळ पाण्यात दाबलं. पाणी आत शिरेना.  मग तिनं बाटली जराशी कलती केली, आणि बुडूक बुडूक बुडूक. पोरं अशी किंचाळली की माझ्या कढईतलं तेल हललं असेल.

"आत वारा बसलेला होता," विगाती सांगत होती. "वारा दिसत नाही, पण जागा अडवतो. तो बाहेर पडताना पाण्यात काय दिसतं?"

"बुडबुडे!"

तेवढ्यात गेंदिसचा आवाज आला. आठ वर्षांची पोर, दोन वेण्या, बापासारखे मोठे कान. बाप खाली शहरात इमारतींवर काम करतो. घरी आई, आजी, जिला सगळे म्बाह म्हणतात, आणि सहा महिन्यांचा भाऊ तेगार. प्रश्न विचारून विचारून ही बटाट्याचं साल काढील.

"बू गुरू, तेगारच्या पोटात वारा शिरलाय. काल रात्रभर रडत होता. तो वारापण जागा अडवतो?"

"अडवतो. वारा कुठंही असो, जागा अडवतोच. ए, पाय काढ परातीतून! पाय काढ म्हणते ना!"

"मग तोपण पाण्यात निघतो?"

"निघतो गं. अरे, बाटली तोंडात नाही घालायची, इकडे दे ती!"

"बुडबुडे दिसतात?"

"दिसतात, दिसतात. बस खाली."

हे मी ऐकलं, जसं ऐकलं तसंच सांगते. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. वारा अंगात शिरतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथल्या गारठ्यात तो कुणाच्या अंगात शिरत नाही? मोठ्यांना शिरला तर पाठीला तेल लावून नाण्यानं ओरखडायचं, तांबडे पट्टे उठले की वारा निघाला. तान्ह्याला शिरला तर छोटे कांदे ठेचायचे, खोबरेलात कालवायचे आणि पोटापाठीला चोपडायचे. माझी तीन पोरं अशीच वाढली.

शाळा सुटली. विगातीचं ते ठरलेलं वाक्य झालं, करून बघा. पोरं पांगली. गेंदिस माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"बुडे, तुमचं ते निळं घमेलं द्या ना. मोठं. बू गुरूंचं काम आहे."

पोरं मला 'बुडे' म्हणतात, मोठी मावशी म्हणून. मी पीठ कालवायचं घमेलं धुऊन पालथं घातलं होतं, ते दिलं. पोर ते डोक्यावर घेऊन चढणीला लागली. मागून घमेल्याला पाय फुटल्यासारखी दिसत होती.

विगाती वर्ग झाडून, पोती वाळत घालून, खिडकीच्या फळ्या लावून आली. त्या दिवशी ती कधी नव्हे ती निवांत दिसत होती. बाकड्यावर बसली, गरम तेंपे हिरव्या मिरचीबरोबर खाल्ला, वर दुसरा मागितला.

"यू, कुणाला काही झालं नाही. कुणी पडलं नाही, कुणी काही गिळलं नाही."

"मी म्हटलंच होतं. तुझं काम झालं असेल तर माझं घमेलं दे बाई. संध्याकाळचं पीठ भिजवायचंय."

"कुठलं घमेलं?"

"ते निळं. गेंदिसनं नेलं ना तुझ्या कामाला."

"मी कुणाला घमेलं आणायला नाही सांगितलं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिच्या हातातली मिरची हातातच राहिली.

"तिच्या घरी कोण असतं आता?" तिनं विचारलं.

"कोण असणार? बटाटे काढायचे चाललेत. आई शेतावर, आणि आजी यावेळी जेवण घेऊन जाते. ती येईपर्यंत पोर बाळाला..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत विगाती उठून चालायला लागली होती. चार पावलं चालली आणि मग पळाली. मी कढईखालचा जाळ ओढला आणि तिच्या मागं निघाले. माझ्या गुडघ्यांना ती चढण कुठली झेपायला, पण निघाले.

धुकं इतकं उतरलं होतं की वाटेच्या दोन्ही अंगांचे बटाट्याचे वाफे दिसत नव्हते, नुसता शेणखताचा वास येत होता. पुढं विगातीच्या चपला फटफट वाजत होत्या. मधेच एकाच चपलेचा आवाज यायला लागला. दुसरी मला चिखलात सापडली, तीही मी तशीच उचलून घेतली.

"मी 'निघतो' म्हणाले, यू!" ती पुढून ओरडत होती. "ती विचारत होती आणि मी 'दिसतात, दिसतात' म्हणाले! मी त्या परातीतल्या पायाकडे बघत होते!"

"अगं, तिला अक्कल आहे..."

"आठ वर्षांची आहे ती! पाणी कसलं आहे इथलं!"

ते मलाही ठाऊक होतं. आमच्या नळाचं पाणी बोटांची हाडं दुखवतं. माझ्या डोळ्यांपुढं माझंच घमेलं येत होतं. दहा माणसांचं पीठ मावतं त्यात.

गेंदिसचं घर फळ्यांचं, मागं बांबूच्या चटयांचं स्वयंपाकघर. दार आतून कडी लावून बंद. घरात एकटी असलीस की कडी लाव, हे त्या पोरीला आजीनंच शिकवलेलं, आणि शिकवलेलं ती कधी विसरत नाही, तेच तर. विगातीनं दार ठोकायला हात उचलला आणि आतून आवाज आला.

"आता येतील हं, तेगार. हलू नको. आता येतील."

पाण्याची हलकी चुळुक. बाळाचा आवाज नाही.

"गेंदिस!" मी ओरडणारच होते. विगातीनं माझ्या तोंडावर हात दाबला. तिच्या हाताला मिरचीचा वास होता. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "हाक मारलीस तर ती दार उघडायला येईल. त्याला पाण्यात सोडून येईल."

 ती मला मागच्या बाजूकडे बोट दाखवून ढकलत होती. मग तिनं दाराला तोंड लावलं, आणि तिचा वर्गातला आवाज काढला. कसा काढला तिलाच ठाऊक.

"गेंदिस, मी बू गुरू आहे. तू जागेवरून उठायचं नाहीस. पाठ चालू आहे ना आपला?"

"बू गुरू! थांबा, अजून बुडबुडे आले नाहीत!"

"बरं. तुझे दोन्ही हात कुठं आहेत?"

"तेगारच्या काखेत."

"शाब्बास. तसेच ठेव. घट्ट."

"घट्ट धरता येत नाही. म्बाहनं त्याला तेल लावलंय. निसटतो."

मी घराला वळसा घालत होते. लाकडं, कोंबड्या, फुटकी मडकी, सगळं पायात येत होतं. मागच्या दारालाही आतून अडसर. मी बांबूच्या चटईत बोटं घालून ओढायला लागले. नवी चटई, हटेना. विगातीचा आवाज पुढून येतच होता. एकेक शब्द सुटा, फळ्यावर लिहिल्यासारखा.

"आता पुढची पायरी. त्याला तुझ्या छातीशी घे. हातांनी उचलू नकोस, तूच वाक आणि त्याला अंगाशी लाव."

"माझा फ्रॉक भिजेल. म्बाह ओरडेल."

"म्बाहला मी सांगते. भिजू दे. लाव अंगाशी."

"पण बुडबुडे..."

"बुडबुडे नंतर. आधी मी सांगते ते. लावलंस?"

आतून उत्तर आलं नाही. पाणी जोरात सांडल्याचा आवाज झाला. विगातीचा आवाज तेवढ्यात एकदाच फाटला.

"गेंदिस?"

तेवढ्यात चटई एका कोपऱ्यातून निघाली. मी डोकं घातलं, खांदा घातला, बाकीची मी तशीच ओढत आत गेले. माझ्या पाठीवर लसणाच्या माळा पडल्या.

स्वयंपाकघराच्या मधोमध घमेलं. त्याच्या बाजूला ओल्या जमिनीवर गेंदिस बसलेली, पाय पसरून, आणि तिच्या छातीशी तेगार, उघडा, तेलानं चकाकणारा. तो जिवंत होता, डोळे उघडे होते. पण ओठ जांभळे, आणि तोंडातून आवाज नाही. हुं नाही की चूं नाही.

मी दाराची कडी काढली. विगातीनं आत येऊन बाळ घेतलं, जॅकेटची चेन खाली ओढली, आतला सदरा वर केला आणि त्याला तसंच आपल्या उघड्या अंगावर घातलं. वरून चेन परत वर ओढली, आणि मी गेंदिसच्या आजीचं लुगडं खुंटीवरून काढून दोघांना गुंडाळलं. चुलीतले निखारे राखेखाली होते. मी फुंकायला बसले. फुंकता फुंकता मी तिच्याकडं बघत होते. ती बाळाच्या टाळूकडं बघत होती, आणि मागंपुढं, मागंपुढं झुलत होती.

"रड रे," ती म्हणत होती. "रड ना रे. काल रात्रभर रडलास म्हणे. आता रड."

गेंदिस ओल्या फ्रॉकमध्ये उभी होती. तिचे दात वाजत होते. मी तिला चुलीशी ओढलं.

"मी नीट धरलं होतं, बुडे," ती म्हणाली. "बाटलीसारखं. आधी सरळ, मग कलतं."



दारात सावली पडली. तिची आजी. पाठीवर रिकामी टोपली, हातात विळा, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. म्बाह सामिंतेन. विगातीला तिनं लहानपणी बापाच्या पोत्यांमागं अनवाणी धावताना पाहिलेलं आहे. तिनं आधी फाटलेली चटई बघितली, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलेल्या मास्तरणीकडे, जिच्या जॅकेटातून तिच्या नातवाचं डोकं बाहेर आलं होतं.

"हे काय गं? शाळेत आता दूधपण पाजतात का?"

कुणी हसलं नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं. विळा खाली पडला. ती पुढं येऊन बाळाच्या गालाला हात लावायला गेली, आणि तो गारठा हाताला लागताच तिचं तोंड पांढरं पडलं.

आणि तेवढ्यात जॅकेटच्या आतून एक आवाज झाला. लांब, ओला, कुठल्याही मोठ्या माणसाला शोभेल असा. त्यामागोमाग तेगारनं तोंड फाडलं आणि असा टाहो फोडला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या.

 बाळ रडत होतं आणि विगातीही रडत होती, आणि तिच्या सदऱ्यावर खालून पिवळा ओघळ उतरत होता, त्याचं तिला भान नव्हतं.

गेंदिस मात्र नाराज. "आत्ता सोडला! पाण्यात असताना सोडला असता तर दिसले असते ना बुडबुडे."

म्बाहनं मला विचारलं नाही, गेंदिसला विचारलं नाही. विगातीकडे बघत राहिली. विगातीला गप्प बसता आलं असतं. पोरांचा खेळ म्हणता आलं असतं, मी साथ दिली असती. पुढच्या वर्षाची सही अजून व्हायची होती. पण तिनं डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. बाटली, परात, पोरीचा प्रश्न, आणि स्वतःचं 'दिसतात, दिसतात'. काही झाकलं नाही.

म्बाहनं ऐकून घेतलं. मग ती भडकली.

"वारा काढायचा आम्हाला शिकवायला निघालीस? माझ्या हाताखालनं किती पोरं गेली! कांदा-तेल लावलेलं पोर पाण्यात घालतात होय? अगं, तापलेलं मडकं पाण्यात घातलं तर तडकतं!" बोलता बोलता तिनं बाळ काढून घेतलं, स्वतःच्या पोटाशी बांधलं. मग विगातीचा तो भरलेला सदरा बघून म्हणाली, "आणि तू तशीच बस ओली. तुझ्या अंगात शिरला म्हणजे तुझी पाठ कोण ओरखडणार?" खुंटीवरचा स्वतःचा स्वेटर काढून तिच्या अंगावर फेकला.

"म्बाह, तुम्ही पाक दारसोनोंकडे जाणार असाल तर..."

"जाणार. उद्याच जाणार."

रात्रभर विगातीला झोप आली नसेल, हे मी पैजेवर सांगते. सकाळी ती एकदाही परत न फिरता सरळ माझ्या टपरीवर आली. कुलूप लावलं का, हे विचारायचंही विसरली. तेंपे खाल्ला नाही. म्बाह खरंच आली, तेगारला पाठीशी बांधून. पोर टुकुटुकू बघत होतं, माझ्या कढईकडं हात करत होतं. ती सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेली. दार लागलं. विगाती फाटकाच्या खांबाला धरून उभी होती. त्या दाराआडचं मला ऐकू येत नाही, लांब आहे.

म्बाह बाहेर आली, तिच्यासमोर उभी राहिली.

"त्यांना सांगितलं मी. हिला शिकवू द्या, सही करा म्हणून सांगितलं. पण एक. पोरं घरी जाऊन काय करणार आहेत ते आधी त्यांच्या तोंडून ऐकायचं. मग सोडायचं. नुसतं 'करून बघा' म्हणून हाकलायचं नाही, कोंबड्या सोडल्यासारखं."

विगातीनं मान हलवली. 

तेव्हापासून तिसरी लवकर सुटत नाही. घंटा होते, बाकीचे वर्ग धुक्यात पसार होतात, आणि हिची पोरं दारात रांगेत. विगाती उंबऱ्यावर उभी राहून प्रत्येकाला विचारते, घरी जाऊन काय करणार? बटाटा मिठाच्या पाण्यात टाकून बघणार. कुणाला विचारून? आईला. कसलं भांडं? छोटं. चूल पेटवणार का? नाही. जा. मग पुढचा. काल तर एकाला तिनं परत बाकावर बसवलं, कारण तो म्हणाला, "ते गुपित आहे."

गेंदिस नेहमी शेवटी येते. काल मी कान देऊन ऐकत होते.

"घरी जाऊन काय करणार, गेंदिस?"

"काही नाही, बू गुरू. नुसतं बघणार."

"काय बघणार?"

 कान लाल झाले होते तिचे, थंडीनं म्हणा. "सांगता येत नाही अजून. आधी बघते."

 विगातीनं वर्गाची कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, आणि पोरीचा हात धरून स्वतःच चढणीला लागली. माझ्या टपरीवरून जाताना थांबली नाही.

"यू," ती चालता चालता म्हणाली, "घमेलं तुझ्याकडंच आहे ना?"

"आहे गं. पीठ आहे त्यात."

तरी तिनं थांबून, वाकून, डोळ्यांनी बघून घेतलं.